रक्तातल्या कर्कपेशींच्या मागावर

मेलबर्नमधले डॉक्टर टी. आर. ॲशवर्थ यांनी १८६९ साली कर्करोगाने दगावलेल्या एका रुग्णाचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. अंगावरच्या गाठींत होत्या तशाच पेशी त्यांना रक्तातही दिसल्या. हे रक्त रोग नसलेल्या पायाच्या शिरेतलं होतं. तेव्हा या पेशी गाठीतून सुटल्या असतील, तर बरंचसं शरीर फिरूनच इथवर आल्या असणार, असं त्यांनी लिहून ठेवलं. कर्करोगाचे बहुतेक बळी मूळ गाठीमुळे नव्हे, तर रोग इतरत्र पसरल्यामुळे जातात. तो पसरतो कसा, याचा धागा ॲशवर्थ यांच्या हाती लागला होता. पण या पेशी भरवशाने पकडता यायला सव्वाशेहून जास्त वर्षं गेली.

अडचण संख्येची होती. एक मिलिलिटर रक्तात सुमारे ५०० कोटी तांबड्या आणि ४० लाख ते १ कोटी पांढऱ्या पेशी असतात. भटक्या कर्कपेशी बहुधा दहाच्या आत, कित्येकदा एकही नाही.

पहिला उपाय चुंबकाचा निघाला. अनेक गाठींच्या पेशींवर एपकॅम नावाचं प्रथिन असतं, रक्तपेशींवर ते सहसा नसतं. त्याला चिकटणारी प्रतिपिंडं चुंबकीय कणांवर बसवून कर्कपेशी ओढून घ्यायच्या. या तत्त्वावरच्या ‘सेलसर्च’ चाचणीला २००४ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या १७७ रुग्णांचा अभ्यास त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. साडेसात मिलिलिटर रक्तात पाच किंवा जास्त कर्कपेशी असलेल्यांचं आयुष्य कमी ठरत होतं. मात्र या पद्धतीत पेशी जिवंत राहत नसत. त्या मोजता येत, वाढवता येत नसत.

दुसरीकडे, सिलिकॉनवर केसाएवढ्या वाहिन्या कोरण्याचं तंत्र पिकत होतं. स्टॅनफर्डमध्ये १९७९ सालीच सिलिकॉनच्या चकतीवर वायूंचं पृथक्करण करणारं यंत्र तयार झालं होतं. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये सुनीता नागरथ, मेहमेत टोनर, डॅनियल हेबर आणि सहकाऱ्यांनी हे दोन प्रवाह एकत्र आणले. २००७ साली त्यांनी मांडलेल्या चिपवर ७८,००० सूक्ष्म खांब होते. प्रत्येकाची उंची मिलिमीटरचा दहावा भाग, आणि अंगावर एपकॅमची प्रतिपिंडं. कसलीही प्रक्रिया न केलेलं रक्त तासाला एक-दोन मिलिलिटर या धीम्या गतीने खांबांमधून जाई. ११६ पैकी ११५ नमुन्यांत कर्कपेशी सापडल्या, आणि त्यातल्या बहुतेक जिवंत होत्या.

इतक्या अरुंद वाटेत द्रव घुसळला जात नाही. त्याचे थर शेजारी-शेजारी सरळ वाहतात. त्यामुळे खांबाला न शिवता निसटणाऱ्या पेशीही असतात. म्हणून २०१० च्या चिपमध्ये खांब गेले आणि वाहिनीच्या छतावर माशाच्या काट्यासारख्या तिरक्या खाचा आल्या. त्या रक्ताला भोवरा देत आणि पेशी भिंतीवर आपटत. या चिपमध्ये एकमेकींना चिकटलेल्या कर्कपेशींचे पुंजकेही दिसले. एकट्या पेशीपेक्षा असे पुंजके रोग पसरवण्यात कितीतरी पटींनी समर्थ असतात, हे २०१४ साली उंदरांवरच्या प्रयोगांनी दाखवलं.

तरी मूळ दोष उरलाच. गाठ सोडून निघालेली पेशी बरेचदा एपकॅमच टाकून देते. मग गळ कशाला लागणार? २०१३ साली याच गटाने विचार उलटा केला: कर्कपेशी पकडायचीच नाही, बाकीचं रक्त बाजूला काढायचं. ‘सीटीसी-आयचिप’मध्ये पांढऱ्या पेशींनाच चुंबकीय मणी लावतात. आकारानुसार पेशींची वाट वळवणारे खांब आधी तांबड्या पेशी वेगळ्या करतात. नागमोडी वाहिनीत उरलेल्या पेशी एका रांगेत येतात. मग चुंबक मणी लागलेल्यांना ओढून घेतो. उरते ती कर्कपेशी, अस्पर्शित. या साऱ्या वंशावळीतली सर्वांत मोठी झेप मला हीच वाटते, कारण पेशी कशी असेल हे आधी गृहीत धरावं लागत नाही.

पण पेशी सापडणं म्हणजे उपचार सापडणं नव्हे. पहिल्या केमोनंतरही पेशींची संख्या न घटलेल्या स्तनकर्करुग्णांचं औषध लगेच बदलून पाहिलं गेलं; त्यांचं आयुष्य वाढलं नाही, असा निष्कर्ष २०१४ साली आला. म्हणून कर्कपेशींच्या मोजणीचा अहवाल हाती आला तर आकड्याने घाबरू नका, हुरळूही नका. डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: या आकड्यामुळे माझ्या उपचारात नेमकं काय बदलणार आहे?