समुद्रातले आडवे बोअर

आमच्या रनाळ्याच्या शिवारात विहिरीचे पाणी आटले की शेतकरी लगेच दुसरी विहीर खोदायला घेत नाही. तेवढा पैसा कुठून आणायचा? तो आडव्या बोअरचे मशीन बोलावतो. मशीन दोराने विहिरीत उतरवतात, तळाशी कडेला बसवतात आणि काळ्या पाषाणात चहूबाजूंनी शेदोनशे फुटांची भोके पाडतात. विहीर तीच, तोंड एकच, पण तिला आता चार हात फुटलेले असतात. यामागचा हिशेब सरळ आहे. आपल्या पाषाणात पाणी असते ते भेगांत, आणि भेगा पुष्कळदा उभ्या. उभा बोअर दोन भेगांच्या मधून कोरडाच खाली जाऊ शकतो; आडवा बोअर भेगा कापत जातो.

तेलाच्या विहिरीही अशाच फांद्या काढून खोदतात, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. कवी माणसाने तेलावर काय बोलावे, असे तुम्हांला वाटेल. पण मला हा विषय मुळातच झाडाचा वाटतो.

जमिनीखाली तेलाचे तळे असते, हा आपला एक जुना समज. प्रत्यक्षात तेल असते दगडाच्या बारीक छिद्रांत, ओल्या विटेत पाणी मुरलेले असते तसे. तेल धरणारा थर समजा तीस फूट जाडीचा असला, तर उभी विहीर त्याला तीस फूटच भिडते. बाकीचा थर मैलोनमैल पसरलेला, पण विहिरीशी त्याची ओळखच होत नाही. सोव्हिएत अभियंता अलेक्सांद्र ग्रिगोरियन याने यावर उपाय शोधला. झाड एकाच बुंध्यातून मुळे पसरवून माती धुंडाळते, तशी विहीर का पसरू नये? १९५३ साली बाश्किरियात त्याने ६६/४५ क्रमांकाची विहीर खोदली. मुख्य विहीर ५७५ मीटरपर्यंत नेली आणि तिथून नऊ फांद्या काढल्या. त्यासाठी त्याने टर्बोड्रिल वापरले. त्यात वरचा नळ फिरत नाही; आत सोडलेल्या चिखलाच्या जोराने फक्त तळाचे पाते फिरते. खर्च शेजारच्या विहिरींच्या दीडपट आला आणि तेल मिळाले सतरापट! पुढच्या २७ वर्षांत सोव्हिएत देशात अशा आणखी ११० विहिरी झाल्या. नंतर मात्र ही कल्पना मागे पडली. नव्वदच्या दशकात आडव्या खोदाईचे तंत्र जगभर रुळले, तेव्हा ती पुन्हा वर आली.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर तेलाचा सरकारी शोध सुरू झाला तोही रशियन तज्ज्ञांच्या मदतीने. १९५६ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला. १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागले. आमच्या नंदुरबारहून रेल्वेने सुरत गाठले की पुढे अंकलेश्वर काही लांब नाही. १९६४ मध्ये रशियन जहाजाने अरबी समुद्राच्या तळाची पाहणी केली आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जपानी बनावटीच्या जहाजाने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधले. ते बॉम्बे हाय. आदल्याच वर्षी अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव चौपट होऊ लागले होते, त्यामुळे देशाला हा फार मोठा आधार वाटला. २१ मे १९७६ पासून तेल वाहू लागले. १९८९ च्या सुमारास दिवसाला ४ लाख ७६ हजार बॅरलचा उच्चांक गाठला गेला.

तिथून उतार लागला. बॉम्बे हायच्या मुख्य चुनखडी थरावर वायू आहे आणि खाली पाणी. घाईने उपसा झाला की वायू निघून जातो, दाब घटतो आणि तेलाची जागा पाणी घेते. देशाची निकड खरी होती हे मान्य. तरीही ऐंशीच्या दशकातल्या त्या उपशाबद्दल माझे मत आमच्या गावच्या उपशाबद्दल आहे तेच आहे. फरक एवढाच, की विहिरीला निदान मृग तरी भरून काढतो. तेलाला पावसाळा नाही.

२००० नंतर ओएनजीसीने तिथे पुनर्विकासाचे काम हाती घेतले आणि आडव्या, बहुशाखी विहिरींना खरे महत्त्व आले. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर विहिरींच्या तोंडांसाठी जागा मोजकी. नवा प्लॅटफॉर्म म्हणजे अफाट खर्च, आणखी पाइप, आणखी जहाजे, आणखी माणसे आगीच्या तोंडाशी. २७ जुलै २००५ रोजी, मुंबई महापुरात असतानाच, आपल्या जखमी स्वयंपाक्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर सोडायला आलेले ‘समुद्र सुरक्षा’ जहाज बॉम्बे हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मच्या वायुवाहिनीवर आदळले. दोन तासांत प्लॅटफॉर्म जळून कोसळला. २२ माणसे गेली. असलेल्याच तोंडातून नवी फांदी काढण्याचे मोल यावरून कळावे.

पण फांदी कुठे काढायची? आमच्याकडे पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन शेत फिरतो. इथे ध्वनिलहरींनी काढलेली थरांची चित्रे आणि जुन्या विहिरींच्या नोंदी एकत्र मांडून तेल कुठे अडकून राहिले आहे, याचा अंदाज बांधतात. फांदी जरा वर गेली तर वायू, जरा खाली गेली तर पाणी. म्हणून पात्याच्या मागेच उपकरणे बसवतात. ती खडकाची खबर चिखलाच्या स्पंदनांतून वर पाठवतात आणि वरचा माणूस पाते वळवतो. दोन फांद्या फार जवळ ठेवल्या तर त्या एकाच भांड्यातून पितात. दूर ठेवल्या तर मधले तेल राहून जाते.

सर्वांत नाजूक जागा म्हणजे फांदी फुटते तो सांधा. खडक ठिसूळ असेल तर तिथेच ढासळतो. १९९७ मध्ये तेल कंपन्यांच्या एका गटाने या सांध्यांच्या सहा पायऱ्या ठरवल्या. पहिली म्हणजे नुसते उघडे भोक, आमच्या आडव्या बोअरसारखे. सहावीत सांधा स्वतःच पोलादी नळाचा, दाब पेलणारा. शिवाय एका फांदीला पाणी लागले तर ती बाकीच्यांनाही बुडवते, म्हणून काही विहिरींत प्रत्येक फांदीला वेगळी झडप बसवतात. ही चिंता आमच्या शेतकऱ्याला नाही. त्याला पाणीच हवे असते. त्याचे भांडण वेगळे. आपला आडवा बोअर शेजाऱ्याच्या शेताखाली शिरला, तर ते पाणी कुणाचे? गावात त्यावरून बोलणे बंद झालेली घरे आहेत.

जगभरचा अनुभव असा, की खडकातल्या तेलापैकी साधारण एक तृतीयांशच वर येते. हा हिस्सा थोडा जरी वाढला, तरी ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करणाऱ्या देशाला ते थोडे नव्हे. बॉम्बे हायचे उत्पादन २०२४ पर्यंत उच्चांकाच्या एक तृतीयांशाखाली आले होते. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने ते सावरण्यासाठी ब्रिटिश कंपनी बीपीची तांत्रिक साथ घेतली, आणि समुद्राखालच्या त्याच जुन्या चुनखडीचे नकाशे पुन्हा टेबलावर आले.