हबश मोहिमेचा हिशेब

जेम्स औटराम हे नाव खानदेशात भिल्ल पलटणीमुळे ठाऊक आहे. 1825 साली धरणगावला त्याने ती उभी केली. हाच औटराम 1857 मध्ये इराणवरच्या मोहिमेचा सेनापती होता. फौज मुंबईची, समुद्र ओलांडून गेलेली, आणि खर्चाचा मोठा वाटा हिंदुस्थानच्या खजिन्यावर. म्हणजे शेवटी आपल्याकडच्या कापूस पिकविणाऱ्या रयतेच्या शेतसाऱ्यावरही.

दहा वर्षांनी हबशचा, म्हणजे आजच्या इथिओपियाचा प्रश्न निघाला. सम्राट थिओडोरने इंग्रज वकिलाला आणि इतर काही युरोपियनांना कैदेत टाकले होते. मुंबई फौजेचा सरसेनापती नेपियर सुमारे 13 हजार सैन्य घेऊन निघाला. 1867 च्या नोव्हेंबरात पार्लमेंटला अंदाज सांगितला गेला, सुमारे 35 लाख पौंड. काही महिन्यांतच तो 50 लाखांवर गेला. एप्रिल 1868 मध्ये मगदाला किल्ला पडला, कैदी सुटले. पण सर्व बिले जमा झाली तेव्हा बेरीज 85 लाखांच्या पुढे होती.

लढाई तर काही तासांची! पैसा गेला तो वाहतुकीत. भाड्याची जहाजे, मुंबईहून नेलेले 44 हत्ती, झुला बंदरापासून टाकलेला लोहमार्ग, समुद्राचे पाणी आटवून गोडे करण्यासाठी जाळलेला कोळसा. देशोदेशींची खेचरे विकत घेतली, पण त्यांना हाकणारी माणसे पुरेशी नव्हती. कित्येक जनावरे किनाऱ्यावरच मेली. असले खर्च आधीच्या अंदाजात कोण धरतो?

आणि या 85 लाखांतही एक रक्कम नव्हती. हिंदी फौजेचा नेहमीचा पगार हिंदुस्थाननेच द्यायचा, असा ठराव पार्लमेंटने केला. 1858 च्या कायद्याने सरहद्दीबाहेरच्या लढाईला हिंदी महसूल वापरण्यासाठी पार्लमेंटची संमती लागे. ती सहज मिळाली. युक्तिवाद असा की, हे शिपाई घरी बसले असते तरी पगार द्यावाच लागला असता. माझ्या मते हा हिशेब उलटा आहे. इतके महिने त्यांच्यावाचून देशाचे भागत असेल, तर एवढी फौज रयतेने पोसायची कशासाठी? आणि भागत नसेल, तर जो ती घेऊन गेला त्यानेच पगार द्यायला हवा.

1896 मध्ये सुदानच्या सुआकिन बंदरात हिंदी फौज पाठवताना तोच ठराव पुन्हा झाला. यावेळी खुद्द हिंदुस्थान सरकारने विरोध नोंदवला, तो मानला गेला नाही. खर्चाच्या वाटणीची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनवर तेव्हा दादाभाई नवरोजी सभासद होते. पुढच्याच वर्षी गोखले आणि वाच्छा यांनी तिथे साक्षी दिल्या. सुआकिनचा ठराव झाला त्याच वर्षी पावसाने दगा दिला आणि मुंबई इलाख्यात दुष्काळ पडला.