स्पंदकांच्या मागावर

पन्हाळ्यावर हिंवाळ्यांतील अमावास्येस वृषभ राशीकडे बोट दाखवून आम्ही विद्यार्थ्यांस सांगतों कीं, तेथील क्रॅब तेजोमेघांत एक स्पंदक तारा सेकंदास तीस वेळां उघडझांप करीत आहे.

पहिला स्पंदक १९६७ सालीं सांपडला, आणि १९६९ च्या सुमारास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मंडळींनीं उटकमंडास सर्चलाइटचे आरसे आकाशाकडे वळविले. अशा ताऱ्यांपासून अतितीव्र गॅमाकिरण येतात काय, हें त्यांस पाहावयाचें होतें. हे किरण वातावरणांतच लोपतात. मागें उरते ती क्षणार्धाची निळसर झळक. परंतु विश्वकिरणांमुळेंहि तशीच झळक उठते, व तीहि कितीतरी अधिक वेळां. उपाय एकच : प्रत्येक झळकेची वेळ टिपून ती ताऱ्याच्या ३३ सहस्रांश सेकंदांच्या तालाशीं जुळते काय, हें ताडून पाहणें.

श्रीकंठन्, रमणमूर्ति प्रभृतींनीं असा ताल पंधरा मिनिटें जुळल्याचें १९८६ सालीं प्रसिद्ध केलें. पुढील सूक्ष्मतर दुर्बिणींस तसा उद्रेक आढळला नाहीं. यावरून त्यांस कोणी उतावळे म्हटल्यास आम्हांस तें मान्य नाहीं. हातीं आलें तें त्यांनीं जगापुढें ठेविलें, आणि संस्थेनें पचमढीस व नंतर लडाखांतील हानले येथें तोच शोध पुढें चालविला.

निःशंक ठोका सांपडला तो २००८ सालीं, कॅनरी बेटांतील १७ मीटर व्यासाच्या मॅजिक दुर्बिणीस. तोहि २,५०० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या पातळीस. उटकमंडचे आरसे इतक्या दुबळ्या किरणांपर्यंत पोहोंचतच नव्हते! त्यांच्या पातळीवरचा, लाख कोटींपलीकडचा, क्रॅबचा ठोका २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यासाठीं मॅजिकच्या सुमारें ३२० तासांच्या नोंदी चाळाव्या लागल्या.