व्यायाम आणि मुलांची भूक
जोरकस व्यायामानंतर मुलांची भूक काही काळ मंदावू शकते. खेळून आलेले मूल आधी पाणी मागते, ताटावर लगेच बसत नाही. जठरात स्रवणारे, भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक तेवढ्यापुरते घटते, तर आतड्यातील पीवायवाय व जीएलपी-१ ही तृप्ती देणारी संप्रेरके वाढतात. तीव्र व्यायामानंतर स्थूल किशोर पुढच्या जेवणात कमी खातात, असे काही प्रयोगांत आढळले. सडपातळ मुलांत हा परिणाम सहसा दिसत नाही. अर्थात मैदानाबाहेरचा एक वडापाव हा सगळा हिशेब सहज उलटवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते तीव्र हालचाल सुचवली. मात्र प्रौढांप्रमाणे मुलांचे ऊर्जासंतुलन, म्हणजे खाल्लेल्या आणि खर्चलेल्या ऊर्जेतील फरक, शून्यावर आणायचे नसते. वाढीसाठी ते किंचित शिलकीचेच लागते.