शहराचं खत, गावाची माती

शहर आणि गाव यांच्यातली दरी म्हटलं की आपल्याला रस्ते, शाळा, पगार आठवतात. मला आधी नायट्रोजन आणि फॉस्फरस आठवतात. का, ते सांगतो.

ही दरी हळूहळू मिटवावी, ही मागणी १८४८ च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यातच आहे. तिला शास्त्रीय बैठक मिळाली ती जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगमुळे. त्याचं म्हणणं साधं होतं: धान्य शहरात जातं, त्याबरोबर मातीतली पोषकद्रव्यंही जातात आणि परत येत नाहीत. मार्क्सने लीबिग बारकाईने वाचला आणि १८६७ च्या 'भांडवल'मध्ये हा मुद्दा माणूस आणि जमीन यांच्यातल्या तुटलेल्या देवाणघेवाणीचा म्हणून मांडला. १८७२ मध्ये एंगल्सने बोट ठेवलं ते लंडनवर: एवढं खत पैसे खर्चून समुद्रात सोडलं जातंय! आणि त्याच काळात इंग्लंड पेरूहून ग्वानो, म्हणजे पक्ष्यांची विष्ठा, जहाजाने आणत होतं.

मग समाजवादी देशांनी हे चक्र जोडलं का? क्यूबा बघा. १९९१ पर्यंत तिथली शेती म्हणजे मुख्यतः ऊस, ट्रॅक्टर आणि आयात रासायनिक खतं. सोव्हिएत संघ कोसळला आणि तेल, खत, धान्य सगळंच आटलं. तेव्हा हवानातल्या पडीक जागांवर 'ऑर्गानोपोनिको' उभे राहिले: कडेने बांध घातलेले वाफे, त्यात माती आणि कंपोस्ट, आणि भाजी पिकते तिथेच विकली जाते. ताजी भाजी शहरातच मिळू लागली, ही खरी कमाई. पण भात-गव्हासाठी देश आयातीवरच अवलंबून राहिला.

इथेच घाई होते. कोणी म्हणतं, 'बघा, समाजवादाने करून दाखवलं.' कोणी म्हणतं, 'छे, ती नुसती मजबुरी.' मला दोन्ही अर्धवट वाटतात. समाजवाद तर १९९१ च्या आधीही होता, तेव्हा हे झालं नाही. आणि टंचाई इतर देशांतही येते, पण सरकारी जमीन कसायला देण्याचा निर्णय सगळीकडे होत नाही. म्हणजे टंचाईने ढकललं आणि जमिनीच्या मालकीने वाट दिली, असं मी आज तरी मांडेन.

तुम्ही संशोधनाचा विषय शोधत असाल तर 'दरी मिटली का?' असं विचारू नका, ते मोजता येत नाही. विचारा: शहरात किती फॉस्फरस आला आणि त्यातला किती शेतात परत गेला? विचारधारेचा वाद तिथे संपत नाही, पण निदान हिशेबावर येतो.