दप्तर कुणाचे?

आमच्या घरी पत्र्याची एक हिरवी पेटी होती. देवघराच्या वरच्या फळीवर ती असे. तिच्यात दागिने नव्हते, रोकड तर नव्हतीच. होते फक्त जमिनीचे कागद. सोसायटीचे पीककर्ज काढायची वेळ आली की वडील ती पेटी खाली घेत, जुना उतारा चाळून बघत आणि नवा काढण्यासाठी तलाठ्याच्या घराची वाट धरत. पहिल्या फेरीत तलाठी भेटत नसे, दुसऱ्या फेरीत दप्तर दुसऱ्या गावी असे आणि तिसऱ्या फेरीला वडील जाताना पायलीभर शेंगा बरोबर नेत. उतारा मिळे. शेंगा देताना वडिलांना आपण काही गैर करतो आहोत असे कधी वाटले नाही, घेणाऱ्यालाही वाटले नसावे. आपल्याच जमिनीचा कागद आपल्याला मिळावा म्हणून काही तरी द्यावे लागते, हा गावगाड्याचा धर्मच होऊन बसला होता.

हा धर्म कुठून आला आणि कसा हलला, याचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे. राजेरजवाड्यांचा इतिहास आपण मुलांना शिकवतो, पण सामान्य माणसाच्या पोटाशी ज्याचा संबंध, त्या कागदाचा इतिहास शिकवायचा राहून जातो.

पेशवाईत गावचे दप्तर कुलकर्ण्याकडे असे. लिपी मोडी. कसणाऱ्या कुणब्याला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे कुलकर्णी वाचून दाखवील ते खरे. लिहिणारा तोच, वाचणारा तोच आणि जपणाराही तोच. इंग्रजी अमलात राज्यकर्ते बदलले तरी खालचा हा लेखणीवाला फारसा बदलला नाही. जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ सिद्ध केला, त्यात शेतकऱ्याच्या दुर्दशेचे एक कारण म्हणून सरकारी कामगारांच्या या कलमकसाईपणावर नेमके बोट ठेवले आहे. प्रश्न जातीचा होताच, पण तो अक्षरांवरच्या मक्तेदारीचाही होता.

या मक्तेदारीवर पहिला मोठा घाव आपल्या शेजारच्या कोल्हापुरात पडला. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात कुलकर्णी वतन बंद केले, पगारी तलाठी नेमले आणि त्या जागा अस्पृश्यांसह सर्व जातींच्या शिकलेल्या तरुणांना खुल्या केल्या. दप्तर घराण्याकडून काढून नोकराच्या हाती दिले, एवढाच याचा अर्थ नव्हे. गावचे कागद ही कुणाची खाजगी मिरास नाही, हे तत्त्व त्यात प्रथम मांडले गेले. मुंबई इलाख्यात हे व्हायला स्वातंत्र्य यावे लागले. १९५०च्या कायद्याने तेथील कुलकर्णी वतने गेली.

दरम्यान इंग्रजांनी कागदाची शिस्त घातली होती, हेही मान्य केले पाहिजे. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीने मोजणी सुरू केली. पुढे तीच पद्धत मुंबई इलाखाभर, म्हणजे आपल्या बेळगाव भागातही आली. शेताला सर्व्हे नंबर मिळाला, हद्दीला दगड मिळाला. १९०३च्या कायद्याने हक्कनोंद आली. गाव नमुना सहामध्ये फेरफार, सातमध्ये हक्क, बारामध्ये पिके. महाराष्ट्रातला सातबारा तो हाच. फेरफार मंजूर करण्यापूर्वी त्याची नोटीस चावडीवर लावायची, हरकतीला मुदत द्यायची, असा दंडक होता. उघडपणाची ही सोय कागदावर उत्तम होती. पण ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी चावडीवरची नोटीस आणि चावडीची भिंत यांत फरक तो काय?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्या इतिहासाच्या जखमा वाचकांना ठाऊक आहेत, त्या येथे उकलीत नाही. या लेखापुरती गोष्ट एवढीच की दप्तराची लिपी पुन्हा बदलली. मराठी शाळेत शिकून जो माणूस नुकता कुठे कागद वाचू लागला होता, तो कन्नड उताऱ्यापुढे पुन्हा निरक्षर झाला. शब्द मात्र गंमतीचा राहिला. उत्तर कर्नाटकातला कन्नड शेतकरीही या कागदाला ‘उतार’च म्हणतो आणि त्यानेही तलाठ्याच्या दारात तेवढ्याच फेऱ्या मारल्या आहेत. दप्तरापुढे हात जोडून उभे राहण्यात भाषाभेद नव्हता.

या पार्श्वभूमीवर कर्नाटकातील ‘भूमी’ योजनेकडे पाहावे लागते. राजीव चावला या सनदी अधिकाऱ्याच्या पुढाकाराने २००० सालाच्या आसपास राज्यभरातले सुमारे दोन कोटी हस्तलिखित उतारे संगणकात भरण्यात आले. जमीनधारक होते सुमारे ६७ लाख. ही सगळी दप्तरे तोवर नऊ हजारांच्या आसपास तलाठ्यांच्या पिशव्यांत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे कामाचा आवाका कळतो. १७७ तालुक्यांच्या ठिकाणी खिडक्या उघडल्या. पंधरा रुपये भरावेत, नंबर सांगावा, उतारा घ्यावा. फेरफाराचे अर्ज आल्या क्रमानेच निकाली काढायचे, मागचा अर्ज पुढे सरकवायचा नाही, अशी अट यंत्रातच घातली होती. नोंद करणाऱ्या नोकराला बोटाचा ठसा दिल्याशिवाय यंत्र उघडत नसे. म्हणजे कोणी काय बदलले ते उमटून राही. आणखी एक साधी सोय होती, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. खिडकीवर दोन पडदे होते. एक कारकुनाकडे तोंड केलेला आणि दुसरा अर्जदाराकडे.

बंगळूरच्या पब्लिक अफेअर्स सेंटर या संस्थेने २००२ मध्ये पाहणी केली. जुन्या पद्धतीत लाच द्यावी लागे असे सांगणारे शंभरात ६६ होते, खिडकीवर ते तिनांवर आले. पण दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. बंगळूरच्या आसपासच्या भागावर २००७ साली झालेल्या एका अभ्यासाने दाखवले की लाचेचा बाजार नाहीसा न होता वर सरकला, आणि एका जागी जमा झालेल्या माहितीचा लाभ बड्या जमीनखरेदीदारांनी आधी उठवला. गावातला तलाठी दुरावला, तालुक्याला जाण्याचा दिवस आणि एस.टी.चे भाडे वाढले. खिडकी सर्वांना सारखीच उघडी असली तरी तिच्यापर्यंत पोचण्याची ऐपत सर्वांना सारखी नसते.

२००३ साली मी माझ्या आत्याला घेऊन अशाच एका खिडकीवर गेलो होतो. तिला वैधव्य येऊन वर्ष झाले होते. माहेरच्या जमिनीत आपलेही नाव आहे अशी तिची समजूत होती, कारण आजोबा तसे म्हणत असत. आजोबा गेले १९७४ साली. पंधरा रुपये भरले, पडद्यावर उतारा आला. आत्या पदर सावरून पुढे वाकली.

“माझं नाव कुठं हाय रं?”

कन्नड मला वाचता येते. मी वरून खाली पाहिले, इतर हक्काचा रकाना पाहिला. वडिलांचे नाव होते, काकांचे होते.

“आत्या, तुझं नाव न्हाई गं.”

ती काही बोलली नाही. बाहेर येऊन चहाच्या गाड्यापाशी बसली आणि मग म्हणाली, “तलाठ्यानं खाल्लं व्हय?”

तलाठ्याने खाल्ले नव्हते. १९७४ साली वारसाची वर्दी आमच्याच घरातून गेली होती आणि तिच्यात फक्त मुलगे होते. त्या काळचा कायदाही लेकीला बापाच्या वाट्यात हिस्सा देत होता, पण तो आम्हांला सोयीने ठाऊक नव्हता. यंत्राने कुणाला फसवले नाही. आमच्या घराने जे लिहून दिले होते, तेच त्याने छापून दाखवले. एकोणतीस वर्षे हिरव्या पेटीत तोच उतारा होता. पण आत्याच्या तोंडासमोर तो कुणी कधी धरला नव्हता. वडिलांना मी हे सांगितले तेव्हा ते रात्रभर जागे होते. पुढे त्यांनी व काकांनी लेखी जबाब दिले आणि आत्याचे नाव लागले. त्या कामाला जेवढ्या फेऱ्या झाल्या, त्या मी मोजल्या नाहीत.

यंत्र दाखवते, जाब मात्र माणसांनीच विचारावा लागतो, हे राजस्थानातल्या मजुरांनी आपल्या आधी ओळखले होते. अरुणा रॉय आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९० साली मजदूर किसान शक्ती संघटन स्थापन केले. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनवाई झाली. तिथे संगणक नव्हता. एक तंबू, एक ध्वनिक्षेपक आणि मिळवलेले हजेरीपट होते. पटावरची नावे सर्वांसमक्ष वाचली जात आणि ज्याचे नाव, तो उठून सांगे की मी या कामावर गेलोच नाही. न वाचता येणाऱ्यांच्या कानांपर्यंत कागद पोचवण्याची ही युक्ती कोणत्याही यंत्राच्या तोडीची होती. १९९६च्या एप्रिलमध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणे झाले. पुढे राज्याराज्यांत कायदे आले. गोव्याचा कायदा १९९७चा आणि कर्नाटकाचा २०००चा. १२ ऑक्टोबर २००५ पासून माहितीचा अधिकार देशभर लागू झाला. त्याच वर्षीच्या रोजगार हमी कायद्यात ग्रामसभेकडून सामाजिक लेखापरीक्षणाची तरतूद झाली. राजस्थानात २०१९ साली ‘जन सूचना पोर्टल’ सुरू झाले, म्हणजे तंबूतून निघालेली मागणी पंचवीस वर्षांनी यंत्रात उतरली. मात्र २०२३च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील एक कलम बदलून खाजगी माहिती नाकारण्याची वाट रुंद केली आहे. हजेरीपटावरचे नाव खाजगी ठरले तर जनसुनवाईत वाचायचे काय?

इतिहासाचा हा धागा जोडून पाहिला म्हणजे एक गोष्ट दिसते. मोडी गेली, कुलकर्णी गेला, तलाठ्याची पिशवी गेली. प्रत्येक वेळी दप्तर थोडे उघडले आणि प्रत्येक वेळी त्याला नवी कडी बसली. कधी लिपीची, कधी अंतराची, कधी भाषेची. ज्या तालुक्यात अल्पसंख्य भाषिक शंभरात पंधरा असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्याही भाषेत द्याव्यात, असे केंद्राने मान्य केलेले संरक्षण आहे. यंत्राला दोन लिप्या छापणे मुळीच अवघड नाही. अवघड आहे ते इच्छेचे काम. आणि तोवर आपल्या मुलांनी कन्नड अक्षरे वाचायला शिकावीत, असे मी शाळेत आग्रहाने सांगतो. मागणी सोडायची नाही, पण अडाणीही राहायचे नाही.

दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी नववीच्या वर्गाला मी एक गृहपाठ देतो. घरचा उतारा काढून आणायचा आणि त्यात कुणाकुणाची नावे आहेत ते वहीत लिहायचे. खाली एक प्रश्न असतो. कुणाचे नाव असायला हवे होते आणि नाही? ज्यांच्या घरी जमीन नाही, ती मुले पंचायतीतून रोजगार हमीच्या कामाची यादी आणतात. बहुतेक वह्यांत शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोरे येते. गेल्या वर्षी एका मुलीने तिथे दोनच शब्द लिहिले होते : “माझी आई.”

त्या वहीवर मी शेरा लिहिला नाही. तिच्या वडिलांना शाळेत बोलावून घेतले आणि वही त्यांच्यापुढे ठेवली.