घरातच बेपत्ता

रहस्यकथेतले कुटुंब बेपत्ता होते तेव्हा मागे उघडे दार उरते, चुलीवरचे भांडे उरते. तंजावूरच्या राजवाड्यात असे काहीच घडले नाही. माणसे घरातच होती. नाहीसे झाले ते त्यांचे राजघराणे असणे.

व्यंकोजीराजांपासून सुरू झालेल्या या भोसले गादीचा कारभार १७९९ च्या तहाने कंपनीकडे गेला. दुसऱ्या सरफोजीराजांकडे राजेपद, किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख राहिला. त्यांचे पुत्र दुसरे शिवाजीराजे २९ ऑक्टोबर १८५५ रोजी वारले. मागे राण्या आणि मुली होत्या, मुलगा नव्हता. वारस नाही, असे कंपनीने ठरवले. ऑक्टोबर १८५६ मध्ये रेसिडेंट फोर्ब्स फौज घेऊन राजवाड्यात आला आणि मालमत्तेला मोहोरा लागल्या. राज्याबरोबर घरातली खासगी चीजवस्तूही गेली.

थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब स्वस्थ बसल्या नाहीत. मद्रासच्या सुप्रीम कोर्टात त्यांनी कंपनीवर दावा लावला आणि जिंकला. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. जप्ती हे राज्यसत्तेचे कृत्य आहे. अन्याय झाला असला तरी कोर्टाला त्यात दाद देता येत नाही, असा त्याचा आशय. म्हणजे काय घडले ते कोर्टापुढे होते, कोणी केले तेही होते, फक्त विचारायची सोय नव्हती. १८६२ मध्ये सरकारने खासगी मालमत्ता राण्यांना परत दिली. राज्य परत आले नाही.

अनुवाद करताना मी या प्रकरणातल्या एका शब्दापाशी नेहमी अडखळते. इंग्रजी कागद म्हणतात, राज्य ‘लॅप्स’ झाले. जणू मुदत भरली आणि ते आपोआप संपले. आपला शब्द ‘खालसा’. खालसा म्हणजे सरकारजमा, आणि सरकारजमा करणारा कोणीतरी असतोच. तरी शाळेत आपण शिकलो ते ‘तंजावूर खालसा झाले’. मराठी शब्द खरे बोलत होता; आपण क्रियापद बदलून त्याला गप्प केले.

राजवाड्यापासून जवळच बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ मध्ये सरफोजीराजांनी भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरून घेतला. राज्य जाण्याच्या पन्नासएक वर्षे आधी हे घराणे आपली कुळकथा दगडावर ठेवून गेले होते. राजवाड्याच्या आवारातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागद आहेत. वंशजही राजवाड्यात राहतात. बेपत्ता म्हणावे असे इथे कोणी नाही.

म्हणून आता अनुवादात मी कर्ता लिहिते : कंपनीने तंजावूर खालसा केले.